हिस्टॉलॉजी लॅबची गुणवत्ता: जे परत करता येत नाही, पहारा आधी तिथे

हिस्टॉलॉजीत, म्हणजे टिश्यूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या कामात, गुणवत्तेचा विषय निघाला की सगळ्यांचं लक्ष आधी स्टेनिंगकडे, म्हणजे काप रंगवण्याकडे जातं. साहजिकच आहे. स्लाइड फिकी आली, जांभळट आली, केंद्रकं दिसेनाशी झाली की पहिल्या नजरेत कळतं, आणि पॅथॉलॉजिस्टचा फोनही त्यावरूनच येतो. पण स्टेन बिघडला तर रंग उतरवून स्लाइड पुन्हा रंगवता येते. तेही जमलं नाही तर ब्लॉकमधून (टिश्यू बसवलेला पॅराफिनचा ठोकळा) नवा सेक्शन, म्हणजे पातळ काप निघतो. फॉर्मलीनमध्ये वेळेवर न पडलेल्या टिश्यूचं मात्र काहीच करता येत नाही. बायोकेमिस्ट्रीत नळीत सीरम उरलेलं असतं, शंका आली की चाचणी पुन्हा लावायची. आपल्याकडे बायोप्सी एकदाच निघते, आणि बऱ्याचदा ती दोन-तीन मिलिमीटरचीच असते.

म्हणून या लेखात सगळ्या पायऱ्या येतील, पण सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही. चूक कायमची होते तिथे थांबू, ती निस्तरता येते तिथून पुढे सरकू. लॅबमधली चेकलिस्टही याच हिशोबाने केलेली असावी असं माझं मत आहे. बहुतेक ठिकाणी ती नेमकी उलटी दिसते: स्टेनिंगच्या रकान्यांनी दोन पानं भरलेली आणि फिक्सेशनला, म्हणजे टिश्यू फॉर्मलीनमध्ये ठेवून टिकवण्याला, एक ओळ.

क्वालिटी कंट्रोल आणि क्वालिटी अश्युरन्स यांची सरमिसळ होते, तेवढी आधी सोडवून घेऊ. आजच्या बॅचची कंट्रोल स्लाइड (जिचा निकाल आधीच माहीत आहे अशी) पाहणं, पीएच मोजणं, ब्लॉक आणि स्लाइड ताडून बघणं हे कंट्रोल. एसओपी (कामाची लेखी पद्धत), प्रशिक्षण, उपकरणांची देखभाल, ऑडिट, बाहेरून होणारं मूल्यमापन हे अश्युरन्स. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकाची २०२२ची आवृत्ती जोखीम ओळखून काम आखण्यावर भर देते. हिस्टॉलॉजीत ही जोखीम ओळखायला एकच प्रश्न पुरतो: इथे चूक झाली तर मागे जाता येईल का?

पायरी १: कामाचा नकाशा काढा

एका मोठ्या कागदावर नमुना येण्यापासून रिपोर्ट जाईपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या ओळीने लिहा. प्रत्येकीसमोर तीन गोष्टी मांडा: इथे काय बिघडू शकतं, बिघडलेलं कुठे आणि कधी लक्षात येतं, आणि ते दुरुस्त होतं का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आलेल्या पायऱ्या लाल करा. नमुन्याची ओळख, फिक्सेशन, ग्रॉसिंग (नमुना बघून त्याचे तुकडे कापणं), डिकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) आणि छोट्या बायोप्सीचं ट्रिमिंग (टिश्यू दिसेपर्यंत ब्लॉक छाटणं) या जागा हमखास लाल होतात. प्रोसेसिंग (टिश्यूतलं पाणी काढून पॅराफिन भरणं) अर्धवट लाल: कमी प्रोसेस झालेला ब्लॉक वितळवून मागे नेता येतो, पण जास्त प्रोसेस होऊन कडक झालेल्या बायोप्सीचा पूर्वीचा पोत परत येत नाही. एम्बेडिंग (टिश्यू योग्य दिशेने ब्लॉकमध्ये बसवणं) आणि स्टेनिंग बऱ्याच अंशी पुन्हा करता येतात.

दुसऱ्या रकान्याकडेही नीट बघा. फिक्सेशनची चूक ज्या दिवशी होते त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. ती दोन-तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली दिसते. चूक आणि तिचा शोध यांत जितकं अंतर, तितकी वेळच्या वेळी केलेली नोंद महत्त्वाची.

पायरी २: नमुना दारातच तपासा

डब्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलं म्हणजे झालं, असं नाही. रुग्णाची किमान दोन स्वतंत्र ओळखचिन्हं, अवयव, डावी-उजवी बाजू, किती डबे आणि कोणत्या डब्यात काय, हे सगळं डब्याच्या अंगावर हवं. झाकणावर लेबल लावलेलं असेल तर ते नसल्यातच जमा, कारण झाकणं काढली की ती बदलू शकतात. फॉर्मवर दोन वेळा हव्यात: टिश्यू शरीरातून काढल्याची आणि फॉर्मलीनमध्ये टाकल्याची. ही दुसरी वेळ बहुतेक फॉर्मवर नसते. नसेल तर रकाना छापून घ्या आणि रिकामा आला तर फोन करा.

नमुना नाकारण्याचे नियम रक्ताच्या लॅबसारखे इथे चालत नाहीत. चुकीच्या लेबलचं रक्त फेकून नवीन मागवता येतं. बायोप्सी फेकायची नसते. ती बाजूला ठेवा, फिक्सेटिव्ह पुरेसं आहे ना ते बघा, पाठवणाऱ्याला बोलवा, दुरुस्ती त्याच्याच हाताने आणि सहीने करून घ्या. मग ‘विचलनासह स्वीकृत’ अशी नोंद करून पुढे जा, आणि रिपोर्टमध्येही तसा उल्लेख असू द्या. लॅबमधल्या कुणीही अंदाजाने लेबल दुरुस्त करायचं नाही, हा नियम भिंतीवर लावण्याइतका पक्का हवा.

पायरी ३: फिक्सेशन

इथे सगळ्यात जास्त थांबायचं आहे.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीन म्हणजे ३७ ते ४० टक्क्यांचं तयार फॉर्माल्डिहाइड द्रावण १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. म्हणजे ‘१० टक्के फॉर्मलीन’मध्ये प्रत्यक्षात फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपास असतं. घरी बनवा की तयार आणा, प्रत्येक नव्या लॉटचा पीएच मोजून लिहा. तो ७च्या जवळपास असायला हवा. बफर न घालता नळाच्या पाण्यात फॉर्मलीन ओतून काम भागवण्याची सवय काही ठिकाणी अजून दिसते. फॉर्माल्डिहाइडचं ऑक्सिडेशन होऊन फॉर्मिक ॲसिड बनतं, पीएच घसरतो, आणि रक्ताळलेल्या टिश्यूत तपकिरी-काळे कण बसतात. हे फॉर्मलीन पिगमेंट. ते पोलराइज्ड प्रकाशात चमकतं आणि मलेरियाच्या रंगद्रव्याशी त्याची गल्लत होऊ शकते. अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडने ते काढता येतं, पण स्लाइडवर ते दिसणं हीच फॉर्मलीनकडे बघायला हवं याची पहिली सूचना.

फॉर्मलीनचं प्रमाण टिश्यूच्या किमान १० पट, जमेल तिथे २० पट. गच्च भरलेल्या डब्यात वर दोन बोटं फॉर्मलीन म्हणजे फिक्सेशन नव्हे. फॉर्मलीन आत शिरतं ते ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर, आणि जसजसं खोल जातं तसतसा वेग मंदावतो. त्यातही शिरणं वेगळं आणि प्रथिनांचे क्रॉस-लिंक तयार होणं वेगळं. या दुसऱ्या क्रियेला तासन् तास लागतात. त्यामुळे अख्खा स्तन किंवा न उघडलेलं आतडं रात्रभर डब्यात ठेवून सकाळी कापलं तर बाहेरची कड फिक्स झालेली आणि मधला गाभा कुजायला लागलेला मिळतो. मोठे नमुने आल्या दिवशीच उघडायचे: आतडं उभं चिरायचं, गर्भाशय दुभंगायचं, स्तनाचे सेंटिमीटरभर जाडीचे काप करून मध्ये फिल्टर पेपर ठेवायचा. मार्जिनची, म्हणजे कापलेल्या कडेची, शाई त्याआधी लागलेली असावी.

स्तनाच्या कर्करोगात हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू (उपचार ठरवणारी प्रथिनं) तपासायचं असेल तर मोघम नियम चालत नाहीत, आकडे ठरलेले आहेत: टिश्यू काढल्यापासून फॉर्मलीनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या आत, आणि एकूण फिक्सेशन ६ ते ७२ तास. अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीच्या आणि कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांमधली ही मर्यादा आहे. माझ्या मते ती फक्त स्तनापुरती न ठेवता ज्या नमुन्यावर पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिनं रंगवणं, थोडक्यात इम्युनो) होण्याची शक्यता आहे अशा प्रत्येकाला लावावी. सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेल्या नमुन्यांची घड्याळं कशी चालतात, हे एकदा कागदावर मांडून बघा. ७२ तास कुठे ओलांडले जातात ते लगेच दिसेल.

हाडाचा नमुना असेल तर आधी पूर्ण फिक्सेशन, मगच डिकॅल्सिफिकेशन. तीव्र ॲसिडने काम लवकर होतं, पण केंद्रकांचा रंग आणि डीएनए दोन्ही जातात. जनुकीय तपासणीची शक्यता असेल तिथे ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा, वेळ लागला तरी. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, रोजची तपासणी आणि कोणतं द्रावण वापरलं हे सगळं ब्लॉक नंबरसमोर लिहिलेलं हवं. पुढे स्टेन फिका आला तर प्रश्न तिथूनच सुटतो.

पायरी ४: ग्रॉसिंग

एका वेळी टेबलावर एकच केस. कॅसेटही (तुकडे ठेवायच्या जाळीदार डब्या) तेवढ्याच छापायच्या. पुढच्या पाच केसच्या कॅसेट छापून रांगेत लावून ठेवणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण. एकसारख्या बायोप्सी पाठोपाठ घेऊ नका. प्रोस्टेटनंतर प्रोस्टेट घेण्याऐवजी मध्ये पित्ताशय घेतलं, तर अदलाबदल झालीच तरी मायक्रोस्कोपखाली लपणार नाही. प्रत्येक केसनंतर बोर्ड, चिमटा, सुरी पुसायची.

तुकड्यांची जाडी ३ ते ४ मिलिमीटर. कॅसेटचं झाकण लावताना टिश्यू दाबली जात असेल तर ती जाड आहे, चर्चा नको. बारीक बायोप्सी फिल्टर पेपरमध्ये गुंडाळा किंवा जाळीच्या पिशवीत घाला आणि इओसिन या गुलाबी रंगाचा थेंब लावा, म्हणजे एम्बेडिंगच्या वेळी ती पॅराफिनमध्ये हरवणार नाही.

आणि तुकडे मोजा. ‘अनेक तुकडे’ असं न लिहिता चार असतील तर चार लिहा. हा आकडा पुढच्या प्रत्येक टेबलावरचा कंट्रोल आहे: एम्बेडिंगला चार मिळाले का, ब्लॉकच्या तोंडावर चार दिसतात का, स्लाइडवर चार आले का. खर्च शून्य आणि हरवलेली टिश्यू पकडायला याहून चांगलं साधन नाही.

पायरी ५: प्रोसेसिंग, आणि कंट्रोल स्लाइडचा एक गैरसमज

रोज सकाळी कंट्रोल स्लाइड बघून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो कंट्रोल जुन्या, उत्तम फिक्स आणि प्रोसेस झालेल्या ब्लॉकमधून कापलेला असतो. तो फक्त स्टेनिंगची परीक्षा घेतो. काल रात्री प्रोसेसरमध्ये काय झालं याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. त्यासाठी प्रत्येक बॅचमध्ये वेगळी कॅसेट टाकावी लागते: शिल्लक राहिलेली, नीट फिक्स केलेली, ठरावीक जाडीची टिश्यू. अर्थात लॅबच्या धोरणाप्रमाणे अशा वापराला परवानगी असलेली. सकाळी आधी हीच कॅसेट कापून बघायची.

प्रोसेसरमधलं अल्कोहोल, झायलीन, पॅराफिन तारखेवरून बदलू नका. किती कॅसेट गेल्या त्यावरून बदला. प्रत्येक स्टेशनचा बदल, लॉट नंबर आणि सही नोंदवहीत. पॅराफिनचं तापमान त्याच्या वितळणबिंदूपेक्षा २ ते ४ अंश वर, आणि ते पडद्यावरच्या आकड्यावरून न मानता कॅलिब्रेट केलेल्या थर्मामीटरने पडताळलेलं. अखेरच्या अल्कोहोलमध्ये पाणी राहिलं तर पहिलं झायलीन दुधाळ दिसतं. रोज झाकण उघडून एक नजर टाकायला अर्धं मिनिट लागतं. बारीक बायोप्सी आणि चरबीदार मोठे तुकडे एकाच लांब प्रोग्रॅमवर चालवू नका. मोठ्यांना पुरेल इतका वेळ दिला की छोट्या भाजून निघतात, ठिसूळ होतात आणि कापताना त्यांत बारीक समांतर चिरा पडतात.

नवीन रसायन, नवीन प्रोग्रॅम, दुरुस्त होऊन आलेलं मशीन यांपैकी काहीही थेट रुग्णाच्या टिश्यूवर आजमावायचं नाही.

आता शोध कसा घ्यायचा ते एका उदाहरणाने बघू. समजा स्लाइडवर केंद्रकं धूसर आणि निळसर करडी दिसतायत. पहिला प्रश्न: सगळीकडे की फक्त मध्यभागी? कड स्वच्छ आणि मध्य धूसर असेल तर संशय फिक्सेशनवर. कापाची जाडी आणि फॉर्मलीनमधले तास बघा. सगळीकडे सारखंच असेल तर त्याच बॅचचे इतर ब्लॉक काढा. तेही तसेच असतील आणि बॅचची कंट्रोल कॅसेटही खराब असेल तर प्रोसेसर: पाणी राहिलेलं अल्कोहोल, पॅराफिनमध्ये आलेलं झायलीन, रात्री गेलेली वीज. इतर ब्लॉक चांगले आणि हा एकच खराब असेल तर नमुना लॅबमध्ये येण्याआधीच बिघडला होता का ते फॉर्मवरच्या दोन वेळा सांगतील. सगळे ब्लॉक आणि सकाळची कंट्रोल स्लाइडही तशीच असेल तर मात्र स्टेनर किंवा स्लाइड वाळवण्याची पद्धत. एकाच लक्षणामागे चार वेगळी कारणं, आणि कंट्रोल कुठे ठेवलाय त्यावर त्यांची उकल अवलंबून. ‘स्टेन खराब’ म्हणून हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकं निळी करणारा रंग) बदलून टाकणं ही सगळ्यात सोपी आणि बऱ्याचदा सगळ्यात निरुपयोगी कृती.

पायरी ६: एम्बेडिंग

एका वेळी एकच कॅसेट उघडी. तुकड्यांची संख्या ग्रॉसिंगच्या नोंदीशी ताडायची. कमी भरली तर कॅसेटच्या झाकणाच्या आतली बाजू, फिल्टर पेपर आणि चिमट्याची टोकं बघून मगच पुढे. नळीसारखे अवयव आडवा छेद दिसेल असे उभे, त्वचा कडेवर, आतड्याची बायोप्सी म्युकोसाचा पूर्ण थर दिसेल अशी. दिशा चुकली तर ब्लॉक वितळवून पुन्हा करता येतो, पण त्याआधी कुणी त्यात खोलवर कापलेलं नसेल तरच.

पायरी ७: मायक्रोटोमवर

मायक्रोटोम म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढणारं यंत्र. स्लाइडची अदलाबदल होण्याची सगळ्यात मोठी जागा ही. स्लाइड आधी लिहून थप्पी लावणं बंद करा. क्रम असा: ब्लॉक हातात घ्या, त्याच ब्लॉकवरचा नंबर वाचून त्याच क्षणी लेबल लिहा किंवा छापा, सेक्शन उचला, स्लाइड आणि ब्लॉक शेजारी धरून नंबर पुन्हा वाचा, मग पुढचा ब्लॉक. बारकोड असेल तर तो ब्लॉक स्कॅन केल्यावरच लेबल छापणारा असावा. यादीवरून सगळी लेबलं एकदम छापणारा बारकोड धोका कमी करत नाही.

वॉटर बाथ पॅराफिनच्या वितळणबिंदूपेक्षा ५ ते १० अंश खाली. प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपरने पाण्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणूनच सुटतं. दुसऱ्या रुग्णाच्या टिश्यूचा तरंगता कण आपल्या स्लाइडवर आला की त्याला फ्लोटर म्हणतात, आणि तो कर्करोगाचा असेल तर परिणाम सांगायची गरज नाही. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने २७५ लॅबमध्ये केलेल्या पाहणीत रोजच्या कामात परक्या टिश्यूची नोंद ०.६ टक्के स्लाइडवर झाली, आणि जुन्या स्लाइड मुद्दाम पुन्हा तपासल्या तेव्हा २.९ टक्क्यांवर. म्हणजे शोधायला बसलं की जास्त सापडतं. फ्लोटर ब्लॉकमध्येच अडकलाय की फक्त पाण्यातून आलाय, हे खोलवरचे सेक्शन कापून ठरवायचं आणि तशी नोंद करायची.

नेहमीची जाडी ३ ते ४ मायक्रॉन. किडनी बायोप्सीला २ मायक्रॉनच्या आसपास, अमिलॉइडसाठी (टिश्यूत साचणारं असामान्य प्रथिन) काँगो रेड स्टेन करायचा असेल तर ८ ते १० मायक्रॉन. छोट्या बायोप्सीचं ट्रिमिंग बेताने. तुकड्याचा तोंडवळा पूर्ण दिसला की थांबायचं. पुढे इम्युनो लागण्याची शक्यता दिसत असेल तर पहिल्याच वेळी चार-सहा रिकाम्या स्लाइड जास्त उचलून ठेवा. ब्लॉक पुन्हा लावून समपातळीवर आणताना जी टिश्यू वाया जाते ती परत मिळत नाही.

बाकीचे दोष हाताला ओळखू येतात. रिबनच्या लांबीत उभी रेघ म्हणजे ब्लेडला खाच किंवा टिश्यूत टाका, क्लिप, कॅल्शियम. आडव्या पट्ट्या म्हणजे ब्लेड किंवा ब्लॉक सैल, नाहीतर कोन जास्त. एक सेक्शन जाड एक पातळ म्हणजे ब्लॉक गरम किंवा स्क्रू ढिला. ब्लेड बदलायला काचकूच करू नये.

पायरी ८: हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन

कंट्रोल म्हणून अपेंडिक्सचा आडवा छेद मला सोयीचा वाटतो, कारण एकाच स्लाइडवर सगळं मिळतं. तो वाचायचा कसा? आधी लिम्फॉइड फॉलिकल: केंद्रकाची कड रेखीव, आत क्रोमॅटिनची दाणेदार रचना दिसायला हवी. नुसते निळे गोळे दिसत असतील तर हिमॅटॉक्सिलिन जास्त झालं किंवा ॲसिड अल्कोहोलमधलं डिफरन्शिएशन, म्हणजे जादा रंग उतरवणं, कमी पडलं. मग इओसिन. त्याच्या किमान तीन छटा वेगळ्या कळायला हव्यात: रक्तवाहिनीतल्या लाल पेशी भडक, स्नायूचा थर मध्यम गुलाबी, कोलॅजन फिका. सगळं एकाच गुलाबीत न्हालेलं असेल तर इओसिन जास्त झालं किंवा त्यानंतरच्या अल्कोहोलमध्ये पुरेसं उतरलं नाही. आणि केंद्रकं लालसर-जांभळी राहिली तर ब्लूइंग (हिमॅटॉक्सिलिनला निळा करणारी अल्कलीची पायरी) अपुरं.

हे वाचन ‘ठीक’ एवढ्या शब्दात संपवू नका. केंद्रक, इओसिन, पार्श्वभूमी, कापणी आणि कव्हरस्लिप अशा पाच रकान्यांत गुण द्या, आणि कंट्रोल पास होईपर्यंत रुग्णांच्या स्लाइड स्टेनरमध्ये जाऊ देऊ नका. एक संदर्भ स्लाइड कपाटात ठेवा आणि तिच्याशी तुलना करा. कालच्या स्लाइडशी तुलना करत गेलं तर रोज थोडा थोडा बिघडत गेलेला स्टेन कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. संदर्भ स्लाइडही काही वर्षांनी फिकी पडते, तिचा स्कॅन करून ठेवलेला बरा.

हॅरिस हिमॅटॉक्सिलिनवर साय धरते, ती रोज गाळायची, नाहीतर स्लाइडवर निळे-काळे कण येतात. ब्लूइंगनंतर पाण्याने नीट धुतलं नाही आणि अल्कली इओसिनमध्ये गेली तर इओसिन धरत नाही. त्याचा पीएच ४.६ ते ५ दरम्यान हवा. केंद्रकांवर चकचकीत तपकिरी ठिपके दिसले तर कव्हरस्लिप लावण्याआधी स्लाइड वाळली आणि हवा अडकली; झायलीनमध्ये कव्हरस्लिप उतरवून, पुन्हा पाण्यापर्यंत नेऊन परत आणली की काम होतं.

पायरी ९: स्पेशल स्टेन आणि इम्युनो

भडक पॉझिटिव्ह कंट्रोल दिसायला छान, कामाला निरुपयोगी. बॅसिलींनी खच्चून भरलेली टिश्यू झील-नील्सनमध्ये (क्षयासारखे आम्लरोधी जिवाणू लाल दाखवणारा स्टेन) कधीच नापास होत नाही. रसायन अर्धमेलं झालं तरी काही लाल दांड्या दिसतातच. मोजकेच बॅसिली असलेला कंट्रोल ठेवा. नळाच्या पाण्यातही आम्लरोधी जिवाणू असतात, त्यामुळे द्रावणांना डिस्टिल्ड पाणी. आणि स्लाइडवरचा बॅसिलस टिश्यूच्या पातळीत आहे की वर तरंगतोय ते फोकस वरखाली करून बघा. पीएएस-डायस्टेज या स्टेनला (यात डायस्टेज हे एन्झाइम ग्लायकोजन पचवतं) ग्लायकोजन असलेल्या यकृताच्या दोन स्लाइड लागतात, एक पचवलेली, एक न पचवलेली. पचवलेलीही गुलाबी राहिली तर एन्झाइम मेलेलं आहे. काँगो रेडचा कंट्रोल रुग्णाच्या सेक्शनइतकाच जाड असावा, कापून फार दिवस ठेवलेला नसावा, आणि निकाल पोलराइज्ड प्रकाशात बघूनच द्यावा. सिल्व्हर स्टेनमध्ये धातूचा चिमटा नको.

इम्युनोमध्ये कंट्रोल शक्यतो रुग्णाच्याच स्लाइडवर हवा, आणि तो तुमच्याच फॉर्मलीनमध्ये फिक्स होऊन तुमच्याच प्रोसेसरमधून गेलेला हवा. टॉन्सिल, अपेंडिक्स, यकृत आणि स्वादुपिंड या चार टिश्यूंनी बऱ्याच अँटिबॉडींचं भागतं. त्यातही कमी प्रमाणात अँटिजेन असलेल्या पेशींकडे बघायचं. त्या रंगायच्या थांबल्या म्हणजे संवेदनशीलता घसरली, मग जास्त अँटिजेनवाल्या पेशी कितीही गडद असोत. प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली निगेटिव्ह स्लाइड पार्श्वभूमीचा रंग कुठून येतो ते सांगते. रुग्णाच्या टिश्यूतलं अंतर्गत कंट्रोल विसरू नका: शेजारच्या निरोगी स्तननलिकांमध्ये ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) अजिबात दिसत नसेल तर गाठीचं ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी थांबा.

नवीन अँटिबॉडी सुरू करताना कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या २०१४च्या सूचनांनुसार किमान १० पॉझिटिव्ह आणि १० निगेटिव्ह नमुने; औषधोपचार ठरवणाऱ्या मार्करसाठी २० आणि २०. निकाल ९० टक्के जुळायला हवेत. त्याच अँटिबॉडीचा नुसता लॉट बदलला तर एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह केस जुन्या लॉटशेजारी लावून बघा.

पायरी १०: स्लाइड बाहेर जाण्याआधी

ट्रे पॅथॉलॉजिस्टकडे जाण्यापूर्वी एकाने प्रत्येक ब्लॉक स्लाइडशेजारी धरून बघावा. ब्लॉकच्या तोंडावरचा आकार आणि स्लाइडवरचा आकार जुळतो का, तुकडे तितकेच आहेत का? नंबर बरोबर असूनही टिश्यू दुसऱ्याची असेल तर ती इथेच सापडते. ज्याने कापलं त्याने शक्यतो हे काम करू नये.

परतीचा रस्ताही हवा. प्रत्येक ट्रेसोबत छोटी चिठ्ठी: घडी, रेघ, जाड, फिकं, फ्लोटर, अपुरी टिश्यू, दिशा चुकली. पॅथॉलॉजिस्टने फक्त खूण करायची. तोंडी तक्रार हवेत विरते, खूण मोजता येते.

पायरी ११: व्यवस्था टिकवणं

महिन्याला मोजायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. ओळखीच्या चुका, हरवलेली टिश्यू, फ्लोटर, पुन्हा कापलेले ब्लॉक, पुन्हा केलेले स्टेन, वेळेत न गेलेल्या केस, आणि फिक्सेशनची वेळ न लिहिलेले फॉर्म, एवढं पुरे. आधी काही महिने नुसतं मोजा, मग तुमच्या आकड्यांवरून मर्यादा ठरवा. ओळखीची चूक आणि हरवलेली टिश्यू यांना मर्यादा नसते. एक घडली तरी कारणाचा शोध घ्यायचा. त्या शोधात ‘तंत्रज्ञाचं दुर्लक्ष’ हे कारण लिहिण्यास बंदी घाला. दोन कॅसेट एकाच वेळी उघड्या का होत्या, ते लिहा. चुका लपवल्या जात असतील तर आकडे सुंदर दिसतात, आणि अशा लॅबचा मला जास्त संशय येतो.

एसओपी टेबलाजवळ असावी आणि वापरणाऱ्यानेच लिहिलेली असावी. नव्या माणसाची क्षमता तोंडी प्रश्नांवर न ठरवता त्याने केलेल्या ब्लॉक आणि स्लाइडवर ठरवा, आणि जुन्यांचीही वर्षातून एकदा तशीच तपासणी होऊ द्या. बाह्य मूल्यमापनासाठी २००३ पासून चालणारी नॉर्डिकक्यूसी, यूके नेक्वास, कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची हिस्टोक्यूआयपी अशा योजना आहेत. त्यांना पाठवायची स्लाइड रोजच्याच बॅचमध्ये, रोजच्याच माणसाने करायची. सर्वांत कुशल हाताने तीनदा करून त्यातली उत्तम पाठवली तर मिळालेल्या गुणांचा तुम्हाला काही उपयोग नाही.

फॉर्मलीनची हवेतली पातळी मोजणं हाही याच व्यवस्थेचा भाग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत आठ तासांची सरासरी मर्यादा ०.७५ पीपीएम आणि १५ मिनिटांसाठी २ पीपीएम आहे. ग्रॉसिंग टेबलावर डोळे चुरचुरत असतील तर माणूस घाई करतो, आणि घाईत तुकडे जाड कापले जातात.

जपणुकीचे काळ कायद्याप्रमाणे आणि मान्यता देणाऱ्या संस्थेप्रमाणे बदलतात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या अटींत उरलेली ओली टिश्यू अंतिम रिपोर्टनंतर दोन आठवडे, ब्लॉक आणि स्लाइड १० वर्षं. ओली टिश्यू फेकण्याच्या दिवशी त्या केसचा रिपोर्ट खरोखर अंतिम झालाय ना, आणि कुणी पुन्हा ग्रॉसिंग मागितलेलं नाही ना, हे दोघांनी सही करून तपासावं.

महिन्यातून एकदा उभा ऑडिट करा. तीन महिन्यांपूर्वीचा कुठलाही एक रिपोर्ट काढा आणि मागे चालत जा: स्लाइड सापडली का, ब्लॉक त्याच्याशी जुळतो का, त्या दिवशीचा कंट्रोल कुणी पास केला, अँटिबॉडीचा लॉट कोणता, प्रोसेसरचं अल्कोहोल शेवटचं कधी बदललं होतं, किती तुकडे आले होते, फॉर्मलीनचा पीएच किती होता, टिश्यू किती वाजता काढली. एका माणसाला तासाभरात ही साखळी जोडता यायला हवी. जिथे उत्तर नोंदवहीऐवजी कुणाच्या आठवणीतून येतं, तो रकाना दुसऱ्या दिवशी फॉर्मवर छापलेला असावा.